मारुतीपर्यंतची घोडी

मोगरीला घरी आणली त्या दिवशी सासूबाईंनी तिच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर गूळ ठेवून तिला भरवला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं. मला त्या पहिल्या दिवसापासून 'नांदगावची' म्हणतात. नांदगावचीला सांग दूध उतू चाललंय, नांदगावची कुठं उलथली, असं. माझं नाव उज्वला आहे हे त्यांना माहीत असावं, कारण नाव घ्यायचं टाळायला ते आधी ठाऊक असावं लागतं.

घोडी आणली ती देवाच्या कामासाठी. आमचं गाव देवळा तालुक्यात आहे. चंपाषष्ठीला आमच्या खंडोबाची पालखी देवळातून निघून नदीवर स्नानाला जाते, आणि पालखीच्या पुढे आमच्या घरची घोडी असते. तिच्यावर घरचं माणूस बसतं आणि हातात देवाचं निशाण धरतं. घोडी हलल्याशिवाय पालखी हलत नाही. हा मान आमच्याकडे कधीपासून आहे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तो फार जुना समजतात. जुनी घोडी उन्हाळ्यात म्हातारपणानं गेली, आणि दिवाळी होताच सासऱ्यांनी, म्हणजे खंडेराव नानांनी, कळवणहून मोगरी आणली.

निवड त्यांनी पुष्कळ विचार करून केली होती. मोगरी कळवणच्या एका बँडवाल्याकडे लग्नाची घोडी होती. हल्ली नवरदेवांना उघड्या जीपमधून मिरवायची हौस, म्हणून त्यानं तिला विकायला काढली. पांढरीशुभ्र, उंचीनं टट्टूच, पण डोळे मोठे आणि चाल झोकदार. "बँडला बुजत नाय, फटाक्याला कान हालवत नाय, लेकरू पायात आलं तरी पाय उचलत नाय," सासरे भेटेल त्याला सांगायचे. "पालखीला याच्यापरीस चांगली घोडी मिळायची नाय."

हे सगळं अगदी खरं होतं. फक्त ती गावाबाहेर जात नव्हती.

वेशीबाहेर लगेच उजव्या हाताला मारुतीचं देऊळ आहे. तिथपर्यंत मोगरी शहाण्यासारखी जायची. देवळासमोर आली की थांबायची. टाच मारली तर मागे सरकायची, जास्तच जोर केला तर गर्रकन वळून घराची वाट धरायची. माझा नवरा दीपक पहिल्यांदा तिच्यावर बसून गेला, तेव्हा तिनं त्याला पाठमोरी चालत नेऊन धनराजच्या मक्यात उभं केलं. तो हसत घरी आला. पुढच्या आठवड्यात मक्याच्याच ट्रॉलीवरून पडून त्याचा पाय मोडला आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. मग कोणी हसेना.

धनराज आमच्याच भावकीतला. त्याच्या मळ्याला पाणी आहे, दारात दोन गाड्या आहेत, आणि एवढं असूनही मान मात्र आमच्याकडे, हे त्याला डाचतं. त्यानं सारंगखेड्याच्या बाजारातून उंच तांबडा घोडा आणून ठेवला होता, आणि तो कशासाठी हे न बोलता गावाला कळत होतं. दीपकचा पाय मोडल्याचं समजताच त्यानं देवळात पंचांना बसवलं.

"यंदा बसणार कोण?" तो म्हणाला. "दीपक खाटेवर. नानांचे गुडघे गेलेले. भाड्याचा माणूस देवाला चालत नाय."

"मी बसते," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वडिलांचा नांदगावला स्टेशनवर टांगा होता. रिक्षा आल्या तसा तो बंद पडला, पण तोवर मी घोड्याला पाण्यावर नेताना खोगिराशिवाय बसायला शिकले होते. हे मी सांगितलं.

"टांग्याचं राहू दे, वहिनी," धनराज म्हणाला. "घरचं माणूस लागतं. सून म्हणजे परक्या घरची."

"सून घरची नाय तर कुणाची?" सासरे चढ्या आवाजात म्हणाले.

पंचांनी दोघांचीही मर्जी राखली. सून बसेल, पण घोडी मारुतीच्या पुढे गेली नाही आणि पालखी अडली, तर पुढच्या वर्षापासून मान धनराजकडे. सासऱ्यांनी मान हलवली. दुसरं काय करणार होते.

घरी आल्यावर सासूबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "बायामाणसांनी पालखीपुढं मिरवायचं. नांदगावला चालत आसंल."

खरं सांगायचं तर मला मिरवण्याची मुळीच हौस नव्हती. कांद्याची लागवड तोंडावर, घरात एक माणूस प्लास्टरमध्ये, आणि त्यात ही घोडी. पण 'परक्या घरची' हे ऐकून माझं टाळकं फिरलं होतं. या घराची धुणी, भांडी, गोठा, कांदे, दुखणी काढताना मी कोणाला परकी वाटले नव्हते. मी मनाशी ठरवलं, ही घोडी नदीवर जाईल. तिला नेता नेता माझा जीव गेला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कामाला लागले. आधी तिला कुठे दुखतंय का ते पाहिलं, कारण माझे वडील म्हणायचे की जनावर अडलं तर पहिल्यांदा आपलं चुकलंय का ते बघ. पाठ चाचपली, पोटाचा पट्टा काचतो का पाहिलं, तोंड उघडून दात बघितले, खूर उचलले. घोडी ठणठणीत होती आणि मला हुंगत होती. म्हणजे खोट शरीरात नव्हती.

मग सुरू झाले उपाय. मी तिला पुढे चालून ओढलं, तर तिनं मारुतीसमोर चारही पाय रोवले आणि लगामाचं कातडं माझ्या तळहातात रुतलं. पुढे आमचा बैल चालवला. बैल नदीवर जाऊन पाणी पिऊन परत आला, ही तिथेच. सासऱ्यांनी चाबूक आणला, तेव्हा ती मागे मागे सरकत देवळाच्या पायऱ्यांना टेकली. मी त्यांच्या हातातून चाबूक काढून घेतला. कोणी म्हणालं दृष्ट काढा, म्हणून सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. घोडी शिंकली, आणखी काही झालं नाही. दीपक खाटेवरून रोज विचारायचा, "आज कुठपर्यंत?" आणि रोज उत्तर एकच, मारुतीपर्यंत.

एका सकाळी मात्र माझं अवसान गळालं. चंपाषष्ठी जवळ आली होती आणि मोगरी त्याच जागी उभी होती. मी तिच्यावरून उतरले, तिला चार शिव्या घातल्या, लगाम तिच्या मानेवर फेकला आणि मारुतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. जा घरी जायचं तर, म्हटलं.

ती गेली नाही. सावकाश चालत आली आणि पायऱ्यांना समांतर, डावं अंग माझ्याकडे करून उभी राहिली. अगदी बेतानं. पायरीवरून पाय टाकला की थेट पाठीवर बसता यावं अशी. मी बघतच राहिले. उठून बसले तशी ती आपणहून गावाकडे वळली आणि चालायला लागली. चाल वेगळीच. चार पावलं टाकायची, थांबायची, जागच्या जागी पाय नाचवायची, पुन्हा चार पावलं. मी लगाम सैल सोडला. म्हटलं, कुठं जातेस ती जा.

आमच्या गल्लीतल्या लंकाबाईच्या दारात नातीच्या बारशाचा मांडव होता. मोगरी सरळ त्या मांडवाच्या तोंडाशी जाऊन थांबली आणि मान पुढे करून उभी राहिली. आतल्या बायका हसत बाहेर आल्या. लंकाबाई म्हणाली, "आली का नवरदेवाची घोडी?" आणि तिनं तिला मूठभर डाळ आणि गूळ दिला. मोगरीनं तो खाल्ला आणि काम झाल्यासारखं नाक फुरफुरवलं.

मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. कळवणला वर्षानुवर्षं तिनं एवढंच केलं होतं. नवरदेवाला घेऊन मारुतीच्या पाया पडायला जायचं. तो उतरला की उभं राहायचं, बसला की मागे वळायचं. बँड थांबला, पोरं नाचायला लागली की थांबायचं. मांडवाच्या दारात आलं की नवरीची आई ओवाळणार, खुरांवर पाणी घालणार, तोंडात गोड घालणार. कोणत्याही गावचा मारुती आला की तिची वाट तिथे संपत होती. जिला आम्ही अडेल म्हणत होतो ती बिचारी आपलं काम चोख करत होती. तिचं काम बदललंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही तरी काय, बँडला न बुजणारी घोडी पाहिली आणि ती का बुजत नाही याचा विचार केला नाही. सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आता गं?" ते म्हणाले.

आता शिकवायचं. मी तिच्याशी भांडणं सोडून दिलं. रोज मारुतीपाशी उतरायचं, पाया पडायचं, पायरीवरून पुन्हा बसायचं आणि ती वळायच्या आत तिचं तोंड नदीकडे धरून ठेवायचं. पुढे पिंपळाखाली भिजवलेल्या हरभऱ्यांची बादली ठेवलेली. पहिल्या दिवशी ती वळली. मी तिला पुन्हा फिरवलं. पुन्हा वळली. पुन्हा फिरवलं. ऊन वर आलं, शेतावर जाणारी माणसं थांबून बघून गेली, आणि शेवटी तिला हरभऱ्याचा वास आला असावा. ती पिंपळापर्यंत चालली. मी तिच्या मानेला मिठी मारून मानेवर तोंड घासलं. पुढे बादली विहिरीपाशी नेली, मग नदीच्या उतारापाशी. एक दिवस मोगरीनं नदीत पाय घातला आणि पाणी प्याली.

दीपकला आनंद झाला, पण तो मुळातच शंकेखोर. "वाजंत्री कुठंय?" तो म्हणाला. "मोबाइलवर बँड लावून बघ."

मी कमरेला मोबाइल खोचला, बँडचं गाणं लावलं आणि निघाले. मोगरीचे कान उभे राहिले, चाल बदलली. मारुतीपाशी मी उतरले, बसले, आणि ती गर्रकन गावाकडे वळली. समोर हरभऱ्याची बादली होती, तिच्याकडे बघितलंही नाही. बँड वाजतोय म्हणजे लग्न. लग्न म्हणजे मांडवात परत जायचं. बादलीला कोण विचारतो.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंसमोर जाऊन बसले. "आई, एक काम आहे. चंपाषष्ठीला तुम्ही मारुतीच्या पलीकडे, नदीच्या बाजूला ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या राहा. ताट दिसलं तर ती येईल. तिच्या लेखी मांडव म्हणजे ताट घेतलेली बाई."

त्या भाकरी थापत होत्या. सासूबाई नामपूरच्या. एरवी आमच्यासारखं बोलतात, पण मनाला फार लागलं की अहिराणी बाहेर येते, मग 'आहे'चं 'शे' होतं आणि 'माझी'चं 'मनी'.

"तुले ओवाळू?" त्या म्हणाल्या. "तू काय नवरदेव शेस का? गाव हसंल. पालखी देवाची शे, तिले ओवाळसू. सूनले ओवाळानी रीत नही."

मी पुन्हा विचारलं नाही. लंकाबाईला सांगता आलं असतं, पण देवाच्या वाटेवर मानकऱ्याच्या घरच्याच बाईनं पुढे व्हायचं असतं, दुसरी कोणी येणार नाही हे मला माहीत होतं. राहिलेले दिवस मी मोबाइलवर बँड लावून मारुतीपाशी सराव करत राहिले. कधी ती चार पावलं पुढे जायची, कधी नाही. तेवढ्यावरच चंपाषष्ठी उजाडली.

गाव भंडाऱ्यानं पिवळं झालं होतं. मी नऊवारी नेसले, वर फेटा बांधला. दीपकला खुर्चीत बसवून देवळापर्यंत आणलं होतं. त्यानं माझ्या हातात निशाण दिलं आणि माझं मनगट दाबलं. येळकोट झाला, बँड कडाडला, आणि मोगरी चार पावलं, थांबणं, चार पावलं करत वेशीकडे निघाली. मागे पालखी, तिच्या मागे ताटं घेतलेल्या बायका. त्यांत सासूबाई होत्या.

वेशीबाहेर धनराज उभा होता. तांबड्या घोड्याला झूल घातलेली, गळ्यात घुंगुरमाळ. म्हणजे तयारीनंच आला होता.

मोगरी मारुतीसमोर थांबली. मी उतरले, निशाण हातात घेऊन पाया पडले. मारुतीराया, आज हिची वाट तुझ्यापाशी संपवू नकोस, एवढं म्हणाले. पायरीवरून बसले. आणि मोगरी वळली.

मी तिला फिरवली. ती पुन्हा वळली. पुन्हा फिरवली. घामानं लगाम बोटांतून निसटत होता, पण मी फिरवत राहिले. पालखीच्या भोयांना अडून उभं राहावं लागलं. बँड हळूहळू विस्कटत बंद पडला. गर्दीत कुजबुज सुरू झाली आणि एक पंच माझ्याकडे येताना दिसला.

"म्हटलं होतं मी," धनराज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "घोडी परक्या घरची, बसणारी परक्या घरची. दोघींना माघारी जायचंय. जाऊ द्या त्यांना."

मी निशाण घट्ट धरलं. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात गलका झाला. सासूबाई कोपरांनी वाट काढत पुढे येत होत्या. पालखीला बगल देऊन, माझ्या घोडीला बगल देऊन, त्या धनराजच्या घोड्यापुढून तरातरा चालत गेल्या आणि मारुतीच्या पलीकडे, नदीच्या वाटेवर मधोमध उभ्या राहिल्या. पदर नीट केला. ताटातली वात वाऱ्यानं विझली होती, ती पुन्हा लावली. मग बँडवाल्यांकडे बघून म्हणाल्या, "वाजवा ना. काय बघी ऱ्हायनात?"

बँड वाजला. मोगरीचे कान आधी वळले, मग मान, मग ती सबंध वळली. चार पावलं, थांबणं, चार पावलं, अशी ती सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं मान पुढे केली. मारुती मागे पडला होता.

सासूबाईंनी तांब्यातलं पाणी तिच्या खुरांवर घातलं. गूळखोबरं भरवलं. तिला ओवाळलं. मग टाचा उंचावून ताट वर धरलं आणि मला ओवाळलं. माझ्याकडे बघत नव्हत्या, ताटाकडे बघत होत्या. मी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले, कोणी बघो न बघो.

आता मोगरीच्या मते लग्न लागलं होतं. ती जागची हलेना. सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्या दहाबारा पावलं पुढे गेल्या आणि पुन्हा ताट धरून उभ्या राहिल्या. मोगरी गेली. त्या आणखी पुढे गेल्या. ज्यांना गुडघ्यांमुळे बाजाराला रिक्षा लागते, त्या बाई पिंपळ ओलांडून, विहीर ओलांडून, नदीचा उतार उतरून पार पाण्यापर्यंत ताट घेऊन माझ्यापुढे चालल्या. मध्ये वात दोनदा विझली आणि दोन्ही वेळा त्यांनी पालखी थांबवून ती लावली.

नदीवर देव उतरवले की पुजारी मानकऱ्यांचा पुकारा करतो. आमचा पुजारी नवनाथ पाण्यात उभा राहून म्हणाला, "पालखीपुढं घोडी खंडेराव नानांच्या घरची. बसणार," आणि अडला. बाईचं नाव आजवर पुकारलं नव्हतं. "बसणार दीपकची मंडळी?" त्यानं सासऱ्यांकडे बघत विचारलं.

सासूबाई दगडावर बसून गुडघे चोळत होत्या. धनराज काठावरच उभा होता. त्याच्याकडे बघून, अगदी शांतपणे त्या म्हणाल्या, "उज्वला नाव शे तिनं. मनी सून शे. नीट पुकार."

नवनाथनं पुकारा केला. माझं नाव नदीवर मोठ्यानं ऐकू आलं.

परतताना सासूबाईंना उठवेना. मी मोगरीला दगडाशी लावली. "बसा, आई."

"मी? घोडीवर?"

"बायामाणसांना नामपूरला चालत नसेल तर राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून बसल्या. मी लगाम धरून पुढे चालले. मारुती आला आणि मोगरी थांबली.

"आता हिले काय झायं?" सासूबाई म्हणाल्या.

"उतरून पाया पडायचं. त्याशिवाय ती हलायची नाही."

त्या बडबड करत उतरल्या, मारुतीच्या पाया पडल्या आणि पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. मोगरी डावं अंग करून तयारच होती.

"धर मले नीट, उज्वला," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना धरून वर बसवलं.